कासवांचा किनारा : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मागच्या अंकात रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाची आणि तिथे सागरी कासवांची अंडी वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या माणसांची ओळख करून दिली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांत कौतुकापेक्षा कामाचे प्रश्न जास्त आहेत, याचा फार आनंद वाटला. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. कोकण किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी जवळजवळ सगळी कासवं ऑलिव्ह रिडले जातीची असतात, त्यामुळे खालचे आकडे याच जातीचे समजावेत.

प्रश्न : वेळासमध्ये पूर्वी कासवाची अंडी खाल्ली-विकली जायची, असं तुम्ही लिहिलंत. मग ती माणसं बदलली कशी? नुसत्या प्रबोधनानं हे झालं असेल यावर विश्वास बसत नाही. आणि आमच्या गावात सुरुवात करायची तर कुठून करावी?
— एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : नुसत्या प्रबोधनानं ते झालेलं नाहीच. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था १९९२ साली भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. २००२ मध्ये समुद्र गरुडाच्या घरट्यांची पाहणी करताना वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केल्यावर कळलं की रात्री मादी अंडी घालून जाते आणि सकाळ व्हायच्या आत घरटं रिकामं होतं. काही माणसं काढतात, उरलेली कुत्री आणि कोल्हे.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. घरटं कुठे आहे हे सगळ्यांत अचूक कोणाला कळतं? अंडी काढणाऱ्याला. वाळूवरचा माग वाचण्याचं कसब त्याच्याच हातात. म्हणून त्याच माणसांना हाताशी धरलं. घरटं दाखवण्याचा आणि राखण्याचा मोबदला द्यायचा, म्हणजे अंडी विकून जे मिळत होतं ते अंडी राखून मिळेल. कायद्याचा धाक दाखवून सुरुवात झाली असती तर हीच माणसं रात्रीच्या रात्री अंडी काढून मोकळी झाली असती, आणि पुळणीवर नेमकं काय चाललंय हे कोणालाही कळलं नसतं.

दुसरी गोष्ट सातत्याची. नोव्हेंबर ते मार्च रोज पहाटे किनाऱ्याची फेरी, सापडलेलं घरटं कुंपणाच्या आत, आणि प्रत्येक घरट्याची नोंद. तिसरी गोष्ट २००६ पासून सुरू झालेला कासव महोत्सव. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येऊ लागले आणि त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय गावातल्या घरांतच झाली. हॉटेलं बांधली नाहीत, घरातलीच खोली आणि घरातलंच जेवण. त्यामुळे किनारा राखण्यात एकट्यादुकट्याचं नाही, अख्ख्या गावाचं हित गुंतलं. वेळासचेच मोहन उपाध्ये यांच्यासारखी गावातली तरुण मंडळी या कामात तयार झाली. पुढे वन विभागानं हीच पद्धत उचलली, आणि आज रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत गावोगावी घरटी शोधून राखणारे कासवमित्र काम करतात.

तुमच्या गावात पहिल्या हंगामात हॅचरीचं, म्हणजे अंडी हलवून पुन्हा पुरायच्या कुंपणाचं, नावही काढू नका. फक्त मोजा. रोज पहाटे उजाडायच्या आधी दोघांनी मिळून भरतीरेषेच्या कडेनं चालायचं. वहीत पाच रकाने पुरतात : तारीख, माग दिसला का, घरटं आहे की मादी नुसतीच फिरून गेली, भरतीरेषेपासून अंतर, आणि घरट्याचं काय झालं. माग दिसला नाही त्या दिवशीही “काही नाही” असं लिहायचं. नाहीतर त्या दिवशी माग नव्हता की फेरीच झाली नव्हती, हे वर्षभरानं कळत नाही. ही वही घेऊन ग्रामसभेत आणि परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांकडे जा. “आमच्याकडे कासवं येतात” असं सांगणारे खूप असतात. “या पुळणीवर या तारखांना इतकी घरटी झाली आणि त्यातली इतकी कुत्र्यांनी उकरली” असं सांगणाऱ्याचं म्हणणं ऐकावंच लागतं.

त्याच हंगामात मासळीचा कचरा पुळणीवर टाकणं थांबवता आलं तर बघा. कुत्री त्या कचऱ्यामागे येतात आणि मग त्यांना घरट्याचा वास लागतो. आमच्या मते अनेक गावांत हॅचरीच्या कुंपणाइतकाच परिणाम याचा होईल, पण याचे फोटो निघत नाहीत म्हणून ते मागे पडतं.

प्रश्न : सकाळी फिरायला गेलो असताना वाळूवर कासवाचा माग आणि उकरलेली जागा दिसली. आम्ही काठी खुपसून अंडी आहेत का ते बघितलं, पण काही कळलं नाही. अशा वेळी नेमकं काय करावं?
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : काठी खुपसू नका, हे आधी. टोक अंड्यात गेलं की एक अंडं फुटतं, त्यावर मुंग्या आणि बुरशी येते आणि शेजारची पंधरा-वीस अंडी त्यात जातात. सरावाचे लोक कधी बारीक सळई वापरतात, पण तो हाताचा अंदाज असतो. नवख्यानं ते करू नये.

माग असा वाचायचा. समुद्रातून वर येणारी एक रेघ आणि परत जाणारी दुसरी. रिडलेचा माग साधारण ७० ते ८० सेंटिमीटर रुंद असतो आणि डाव्या-उजव्या पायांचे ठसे एकाआड एक पडलेले असतात. हिरव्या कासवाचा माग मीटरभर रुंद, दोन्ही बाजूंचे ठसे समोरासमोर. दोन रेघांच्या मध्ये, माग जिथे वळतो तिथे मीटर-दीड मीटरची वाळू विस्कटलेली आणि थोडी दाबलेली दिसली तर बहुधा घरटं आहे. मादी अंडी घालून झाल्यावर अंग आपटून वाळू दाबते, म्हणून ती दाबलेली जागा. माग वर जाऊन तसाच वळून परत गेला असेल आणि वाळू विस्कटलेली नसेल, तर तिला काहीतरी खटकलं आणि ती अंडी न घालता गेली. दिवे, माणसं, कुत्रं, वाळूत गाडलेला दगड, काहीही असू शकतं. ती त्याच रात्री किंवा एक-दोन रात्रींत पुन्हा येण्याची शक्यता असते, तेव्हा तो पट्टा शांत ठेवा.

घरटं असावं असं वाटलं तर मागाचा फोटो काढा, शेजारी चप्पल ठेवा म्हणजे रुंदी कळते. मोबाइलवर ठिकाण नोंदवून ठेवा. गावातल्या कासवमित्राला किंवा वनरक्षकाला कळवा. कोणी माहीत नसेल तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. ते येईपर्यंत एक माणूस तिथे थांबला तर उत्तम. गर्दी जमवू नका आणि सोशल मीडियावर ठिकाण टाकू नका.

स्वतः अंडी उचलायची नाहीत. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. परवानगीशिवाय अंडी हलवणं हाही गुन्हाच, आणि त्याला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. पण कायद्यापेक्षाही मोठं कारण अंड्याच्या आत आहे. घातल्यानंतर काही तासांत गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटायला लागतो. त्यानंतर अंडं फिरलं की तो धागा तुटतो आणि गर्भ मरतो. बाहेरून अंडं तसंच गोल, पांढरं, टवटवीत दिसतं. मेलंय हे दीड महिन्यानं कळतं.

प्रश्न : मी या वर्षीच कासवमित्र म्हणून काम सुरू केलं. एका घरट्यात ११० अंडी होती, बाहेर आली फक्त ४१ पिल्लं. शेजारच्या घरट्यांत बरं प्रमाण आहे. माझं काय चुकलं हे कसं शोधू?
— एक कासवमित्र, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ११० पैकी ४१ म्हणजे सुमारे ३७ टक्के. चांगल्या घरट्यात शंभराला ७०-८० पिल्लं सहज निघतात, तेव्हा काहीतरी बिनसलं हे नक्की. त्याचा पुरावा घरट्यातच आहे. पहिलं पिल्लू वर आल्यानंतर दोन-तीन दिवस थांबा, मग वनरक्षकाच्या समोर हातमोजे घालून घरटं उकरा. आधी खाली अडकलेली जिवंत पिल्लं बाजूला घ्या. नंतर रिकामी टरफलं, न फुटलेली अंडी आणि मेलेली पिल्लं वेगवेगळी मोजा. न फुटलेली अंडी एकेक करून उघडा. वास असह्य असतो, पण हे टाळलंत तर पुढच्या वर्षी तेच होणार.

अंड्यात नुसता बलक असेल आणि गर्भाचा मागमूस नसेल, तर अंडं फळलेलं नव्हतं किंवा अगदी सुरुवातीला गेलं. अशी पाच-दहा असली तर नेहमीचं आहे. तीस-चाळीस असली तर अंडी उशिरा हलवली गेली, हा पहिला संशय. छोटा, डोळे दिसणारा गर्भ मेलेला असेल तरी वाहतूकच तपासा. पूर्ण वाढलेलं पिल्लू आतच मेलं असेल तर उष्णता किंवा पाणी. कवचाला भोक पाडून तिथेच मेलं असेल तर वर वाळू फार दाबली गेली किंवा मुंग्या लागल्या.

आता प्रत्येक कारण थोडं जवळून. अंडी घातल्यापासून हॅचरीत पोहोचेपर्यंत सहा तासांच्या आत सगळं उरकलं पाहिजे, जितकं लवकर तितकं चांगलं. पहाटेची फेरी उजाडायच्या आधी करायची ती यासाठी. अंड्याच्या वरच्या भागावर खडूसारखा पांढरा डाग दिसू लागला असेल तर गर्भ चिकटलाय. ते घरटं हलवू नका, जाग्यावरच जाळी लावून राखा.

काढताना फावडं नको, हातानं वाळू सारा. वरच्या अंड्यापर्यंतचं आणि तळापर्यंतचं असं दोन्ही अंतर मोजून लिहा. बादलीच्या तळाला त्याच घरट्यातली ओलसर वाळू चार बोटं घाला. अंडं जसं आहे तसंच उचलायचं, वरची बाजू वरच, आणि मोजत-मोजत ठेवायचं. मोटारसायकलवर बादली अडकवून नेणं हे मोठं दुखणं आहे. खडबडीत रस्त्यावरचे हादरे अंड्यांना पुरतात. चालत न्या.

हॅचरीतला खड्डा मूळ घरट्याच्याच मापाचा हवा. साधारण ४५ सेंटिमीटर खोल, तोंडाशी वीसेक आणि तळाशी तीसेक सेंटिमीटर रुंद, म्हणजे मडक्याच्या घाटाचा. सरळ भिंतीचा खड्डा केला तर अंडी एकावर एक उंच रचली जातात. खालच्यांना हवा कमी मिळते आणि वरची तापलेल्या वाळूच्या फार जवळ येतात. खड्डा जास्त खोल केला तरी वाईट, वाळूचं ओझं वाढतं. अंडी ठेवल्यावर आधी ओलसर वाळू, मग वर कोरडी. हातानं हलकं थोपटायचं, पायानं तुडवायचं नाही.

दोन घरट्यांत मीटरभर अंतर ठेवा. अंड्यांतले गर्भ श्वास घेतात आणि स्वतः उष्णताही निर्माण करतात. दाटीवाटीनं लावलेली घरटी एकमेकांना तापवतात. हॅचरी दरवर्षी त्याच जागी असेल तर आधीच्या हंगामातली टरफलं, सडकी अंडी आणि बुरशी वाळूत साठते. जागा बदला. ते शक्य नसेल तर अंड्यांच्या खोलीपर्यंतची वाळू काढून किनाऱ्यावरची स्वच्छ वाळू भरा.

उष्णतेचा अंदाज दिवसांवरून येतो. डिसेंबर-जानेवारीत घातलेल्या अंड्यांना ५५ ते ६० दिवस लागतात. मार्चमधली ४५ ते ५० दिवसांत फुटतात, कारण वाळू तापलेली असते. अंड्याच्या खोलीवर वाळूचं तापमान बराच काळ ३४-३५ अंशांच्या वर राहिलं तर पूर्ण वाढलेली पिल्लं आतच मरतात. त्याआधीच आणखी एक गोष्ट घडते. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, आणि ३० अंशांच्या आसपासच्या मध्यबिंदूच्या वर माद्याच माद्या होतात. म्हणून मार्चनंतर हॅचरीवर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी दुपारपुरती लावतात. थंडीत मात्र ती काढून ठेवा. वाळूत एक साधा तापमापक ४५ सेंटिमीटरवर पुरून रोज दुपारी वाचला तर अंदाजपंचे काम संपतं.

पाण्याचं म्हणाल तर हॅचरीची जागा अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या रेषेच्या वर हवी. नेहमीच्या भरतीच्या वर असून भागत नाही. कुंपणाची जाळी जमिनीत अर्धा मीटर गाडा, नाहीतर कुत्री आणि घोरपडी खालून येतात. ४० दिवस झाले की प्रत्येक घरट्यावर टोपली किंवा जाळीचं कडं ठेवा, म्हणजे बाहेर आलेलं पिल्लू भरकटत नाही आणि कोणत्या घरट्याचं ते कळतं. ४५ व्या दिवसापासून रात्रीसुद्धा दर दोन-तीन तासांनी बघायला हवं. उन्हात टोपलीखाली अडकलेलं पिल्लू फार वेळ तग धरत नाही.

शेजारची घरटी बरी निघाली असतील तर हॅचरीची जागा आणि वाळू ठीक आहे. तुमच्या नोंदवहीत त्या एकाच घरट्याची वेळ बघा. किती वाजता सापडलं आणि किती वाजता पुरलं? बहुतेक उत्तर तिथेच असेल.

एक मत इथे नोंदवावंसं वाटतं. हॅचरी हा शेवटचा उपाय आहे. जिथे कुत्र्यांचा आणि भरतीचा धोका कमी आहे, तिथे घरटं जाग्यावरच जाळी लावून राखणं केव्हाही चांगलं. माणसाच्या हातानं खोदलेला खड्डा मादीच्या खड्ड्याची बरोबरी करत नाही. दोघांना रोज गस्त घालता येत असेल तर निम्मी घरटी तरी हलवू नयेत.

प्रश्न : फेब्रुवारीत दोन दिवस मुलांना घेऊन गेलो, पण एकही पिल्लू दिसलं नाही. आधी तारीख कळत नाही का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नेमकी तारीख कोणालाच सांगता येत नाही. अंडी घातल्याची तारीख अधिक ४५ ते ६० दिवस, इतकाच अंदाज. एका घरट्यातली पिल्लं तीन-चार दिवस थोडी-थोडी येतात. मार्चचा दुसरा पंधरवडा आणि एप्रिलची सुरुवात या काळात शक्यता जास्त असते. वेळासखेरीज दापोली तालुक्यात आंजर्ल्यालाही महोत्सव असतो. पिल्लं सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला सोडतात, कारण वाळू थंड असते. पर्यटकांसाठी पिल्लं टोपलीत अडकवून ठेवावीत असा आग्रह कोणी करू नये. बाहेर आल्यावर पहिले काही तास पिल्लाच्या अंगात पोहण्याची जी ऊर्मी असते ती टोपलीत धडपडण्यात खर्ची पडली, तर समुद्रात लाटांपलीकडे जायला ताकद उरत नाही. पाण्याच्या बादलीत ठेवणं तर त्याहून वाईट, ते तिथेच पोहून थकतं.

सोडताना पाण्यात नेऊन सोडायचं नाही. दहा-पंधरा मीटर वाळूवरून त्यांना स्वतः चालू द्यायचं. तुम्ही दोरीच्या मागे थांबायचं, पिल्लांच्या आणि समुद्राच्या मध्ये कोणी नको, आणि फ्लॅश बंद.

प्रश्न : आमच्या जाळ्यात कासव येतं तेव्हा कधीकधी ते हलत नाही. मेलं समजून टाकून देतात. जाळं कापून सोडलं तर नुकसान आमचं. यावर काही आहे का?
— एक मच्छीमार, हर्णै

उत्तर : आहे, आणि प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत. खोल समुद्रात या कासवांना सगळ्यांत जास्त वाचवू शकतात ते मच्छीमारच.

न हलणारं कासव मेलेलंच असतं असं नाही. कासव फुप्फुसांनी श्वास घेतं. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही की ते बेशुद्ध पडतं. अशा वेळी लगेच समुद्रात टाकलं तर ते बुडून मरतं. ते पोटावरच ठेवा, पाठीवर उताणं करू नका. मागचा भाग लाकूड किंवा गुंडाळलेलं जाळं खाली सरकवून किमान १५ सेंटिमीटर उंच करा, म्हणजे फुप्फुसातलं पाणी तोंडावाटे निथळतं. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या उघड्या राहू द्या. टबात पाणी भरून त्यात ठेवायचं नाही. दर तीन तासांनी डोळ्याच्या कडेला आणि शेपटीला हलकेच बोट लावून बघा. शुद्धीवर यायला चार तास लागतात, कधी चोवीसही. हालचाल करू लागलं की इंजिन न्यूट्रलला ठेवून, जाळी बाहेर नाही ना ते बघून, डोकं पुढे करून हळूच पाण्यात सोडा. जखमी असेल किंवा पाण्यात बुडी न घेता नुसतंच तरंगत राहत असेल तर किनाऱ्यावर आणून वन विभागाला द्या. डहाणूला सागरी कासवांचं उपचार केंद्र आहे.

नुकसानीचं असं, की जाळं कापून संरक्षित सागरी जीव सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकारनं २०१८ च्या डिसेंबरपासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायला सुरुवात केली. त्यासाठी पुरावा लागतो आणि बरेच अर्ज तिथेच अडतात. जाळ्यात अडकलेलं कासव, जाळं कापताना आणि समुद्रात सुटताना, असे तिन्ही वेळचे फोटो किंवा सलग व्हिडिओ हवा. नुसत्या फाटलेल्या जाळ्याचा फोटो चालत नाही. एकानं कापायचं आणि दुसऱ्यानं मोबाइल धरायचा, हे बोटीवर आधीच ठरवून ठेवा. बोटीची नोंदणी आणि परवाना हाताशी असू द्या आणि मत्स्यव्यवसाय विभागाकडे किंवा वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे लवकर जा.

ट्रॉलरवाल्यांसाठी दोन गोष्टी. फेरी जितकी लांब तितकी कासवं मरतात. तासाच्या आत जाळं वर घेतलं तर वाचण्याची शक्यता बरीच वाढते. आणि जाळ्याच्या गळ्याशी बसवायची तिरकी लोखंडी चौकट मिळते. गजांमध्ये दहा सेंटिमीटरचं अंतर असतं, कोळंबी त्यातून मागे जाते आणि कासव गजांवरून घसरत झडपेतून बाहेर पडतं. थोडी मासळीही त्या झडपेतून जाते, ही तक्रार खरी आहे. पण भारतातून जाणारी समुद्रातली कोळंबी अमेरिकेनं २०१९ पासून याच कारणासाठी घेणं थांबवलं. तेव्हा ही चौकट न बसवण्याचा तोटाही मच्छीमारांच्याच खिशातून जातोय.

प्रश्न : इतकी पिल्लं सोडतात, पण त्यातली जगतात किती? ती याच किनाऱ्यावर परत येतात का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ढोबळ अंदाज हजारात एखादं मोठं होतं असा आहे. मोठं व्हायला दहा ते पंधरा वर्षं लागतात. म्हणजे २००२ साली वेळासला सुटलेली पिल्लं २०१२ नंतर कधीतरी अंडी घालण्याजोगी झाली असतील. या कामाचं फळ एका निवडणुकीच्या किंवा एका प्रकल्पाच्या मुदतीत दिसत नाही. म्हणून ते टिकवणाऱ्या माणसांचं मोल जास्त.

माद्या साधारणपणे जन्मलेल्या परिसरात परत येतात, पण आपल्याच पुळणीवर येतील असं नाही. २०२२ मध्ये कोकणात पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले. वेळासची ‘प्रथमा’ त्यातली पहिली. २०२३ मध्ये गुहागरहून सुटलेली ‘बागेश्री’ दक्षिणेकडे जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. उलट, २०२१ मध्ये ओडिशाला पंखाला, म्हणजे वल्ह्यासारख्या पायाला, धातूचा क्रमांक लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्वेची आणि पश्चिमेची कासवं अगदी वेगळी आहेत या समजुतीला त्यामुळे धक्का बसला. तुम्हाला मृत किंवा जिवंत कासवाच्या पुढच्या पंखावर असा क्रमांक दिसला तर तो काढू नका. दोन्ही बाजूंचा फोटो काढून वन विभागाला द्या.

प्रश्न : शाळेत ‘पर्यावरण राखणारी माणसं’ असा फलक करतोय. वेळासखेरीज कासवांसाठी काम केलेली कोणती नावं द्यावीत?
— एक शिक्षिका, मालवण

उत्तर : सतीश भास्कर यांचं नाव सगळ्यांत आधी. भारताच्या किनाऱ्यांवर कासवं कुठे अंडी घालतात हेच माहीत नव्हतं, तेव्हा सत्तरच्या दशकापासून त्यांनी चार हजार किलोमीटरहून जास्त किनारा पायी पालथा घातला. १९८२ च्या पावसाळ्यात लक्षद्वीपमधल्या सुहेली वलियकारा या निर्मनुष्य बेटावर ते महिनोन् महिने एकटे राहिले, कारण हिरवी कासवं तिथे पावसाळ्यातच येतात आणि तेव्हा बोटी चालत नाहीत. पुढच्या आयुष्यात ते गोव्यात राहिले आणि २०२३ मध्ये गेले. फलकावर त्यांच्या चालण्याचा नकाशा काढला तर मुलांना काम किती मोठं होतं ते कळेल.

दुसऱ्या जे. विजया. मद्रास स्नेक पार्कमध्ये काम करत त्यांनी कासवांच्या शिकारीची आणि विक्रीची नोंद बाजारात जाऊन केली. १९८२ मध्ये केरळच्या जंगलात त्यांनी जवळजवळ सत्तर वर्षं कोणाला न दिसलेलं केन कासव पुन्हा शोधून काढलं. त्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेल्या. त्या कासवाच्या प्रजातीगणाला २००६ साली ‘विजयाचेलिस’ हे नाव देण्यात आलं.

तिसरं नाव एका माणसाचं नाही. चेन्नईतले कॉलेजचे विद्यार्थी १९८८ पासून रात्रभर किनाऱ्यावर चालून घरटी राखतात. दर काही वर्षांनी मुलं बदलतात, काम चालू राहतं. तुमच्या मुलांना सर्वांत जवळचं हेच वाटेल.

प्रश्न : दक्षिण गोव्यात समुद्रासमोर आमचं छोटं निवासस्थान आहे. दिवे बंद करा असं सांगतात, पण पाहुण्यांच्या सुरक्षिततेचं काय?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : तुमच्या तालुक्यात आगोंद आणि गालजीबाग हे कासवांचे राखीव किनारे आहेत, तेव्हा प्रश्न अगदी योग्य जागेवरून आलाय. सगळं अंधारात ठेवायला कोणी सांगत नाही. पिल्लू क्षितिजाच्या सगळ्यांत उजळ बाजूकडे चालतं, आणि निसर्गात ती समुद्राची बाजू असते. तुमचा पांढरा एलईडी दिवा तिला मागे टाकतो. पिल्लं मग आवारात येतात आणि सकाळी कावळे त्यांना उचलतात.

नोव्हेंबर ते मे समुद्राकडच्या बाजूला पांढरे आणि निळसर दिवे काढून गडद पिवळे-नारिंगी किंवा लाल बसवा. साधा ‘वॉर्म व्हाइट’ पुरत नाही, त्यातही निळा प्रकाश असतो. दिवा खांबावर उंच नको, गुडघ्याइतक्या उंचीवर, वरून आणि समुद्राच्या बाजूनं झाकलेला, फक्त पायवाटेवर पडणारा. पायऱ्यांजवळ हालचालीनं लागणारा आणि मिनिटभरात बंद होणारा दिवा बसवला तर पाहुण्यांचीही अडचण होत नाही. खोल्यांना जाड पडदे. संध्याकाळी आरामखुर्च्या आणि छत्र्या वाळूवरून उचलून ठेवा, मादी त्यांना अडून परत जाते. मुलांनी खणलेले खड्डेही बुजवा, पिल्लं त्यात पडतात.

सगळं झाल्यावर अमावास्येच्या आसपास रात्री दिवे लावून पुळणीवर जा आणि हनुवटी वाळूला टेकेल इतकं पालथं पडून घराकडे बघा. तिथून ज्या दिव्याचा बल्ब थेट दिसतो तो पिल्लालाही दिसतो. त्याला दुसऱ्याच दिवशी झाकण लावा, आणि शेजाऱ्याचा असेल तर त्याला सोबत घेऊन तिथूनच दाखवा.